हरभरा-तुरीला भुंगा: राख, एरंडेल, कडुनिंब यातलं नेमकं काय चालतं, आणि किती?

शिवारकाठ:

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या बचत गटाकडे यंदा १२ क्विंटल हरभरा, ४ क्विंटल अख्खी तूर आणि ५ क्विंटल गहू आहे. डाळ आणि बेसन करून दिवाळीपर्यंत टप्प्याटप्प्याने विकायचं आहे. शिवाय ज्वारी, मटकी, गावरान तूर मिळून ६० किलो बियाणं पुढच्या पेरणीसाठी राखायचं आहे. साठवायला १० बाय १२ ची स्लॅबची खोली. एकच खिडकी, पश्चिमेची भिंत पावसाळ्यात ओल धरते. सध्या सगळा माल ज्यूटच्या पोत्यांत.

दुकानदार म्हणतो, प्रत्येक पोत्यात धुरीची गोळी टाका. गटातल्या म्हाताऱ्या बायका राख, कडुनिंबाचा पाला, एरंडेल आणि बिब्बे सांगतात. कोणी बोरिक पावडर सुचवतं. अडचण अशी की 'थोडी राख', 'मूठभर पाला' यापलीकडे माप कुणी सांगत नाही. खायचं, विकायचं आणि पेरायचं, तिन्हीला एकच उपाय चालतो का? जाणकारांनी आकड्यांत सांगावं.

कोठीघर:

ताई, माप सांगतो, पण आधी किडा ओळखा. हरभऱ्याचा उपाय गव्हाला जसाच्या तसा लागू पडत नाही आणि सगळे घोळ तिथूनच सुरू होतात.

हरभरा-तुरीवर येतो तो भुंगा. मादी दाण्याच्या गुळगुळीत सालीवर अंडं चिकटवते. खसखशीपेक्षा बारीक पांढरा ठिपका दिसतो तो हाच. अळी अंड्याच्या बुडातून थेट दाण्यात उतरते, आतच खाते, आतच कोष करते आणि शेवटी गोल भोक पाडून भुंगा बाहेर येतो. उन्हाळ्यात हा फेरा ३ ते ४ आठवड्यांत पुरा होतो. बाहेर आलेला भुंगा धान्य खात नाही. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि आठ-दहा दिवसांत मरायचं, एवढंच त्याचं काम. मार्चमध्ये पोत्यात दहा माद्या असल्या तर पावसाळ्यापर्यंत त्यांच्या तीन-चार पिढ्या होतात. म्हणूनच एप्रिलमध्ये 'दोन-चारच तर आहेत' म्हणून सोडलेलं पोतं आषाढात नुसतं पीठ होतं.

गव्हातला सोंडा वेगळा. तो सोंडेने दाण्याला भोक पाडतो, अंडं आत घालतो आणि वरून बूच लावतो. ठिपका दिसत नाही.

आता जुने उपाय या नजरेने बघा. भुंग्याचं अंडं सालीवर उघडं असतं, म्हणून तेल चालतं. अंड्यावर तेलाचा पातळ थर बसला की त्याचा श्वास कोंडतो, आणि तेलकट सालीवर नवं अंडं नीट चिकटत नाही. भुंग्याला जोडीदारापर्यंत पोचायला दाण्यांमधली फट लागते, म्हणून राख चालते. ती फट बुजवते, शिवाय किड्याच्या अंगावरचा मेणाचा थर खरवडते आणि तो सुकून मरतो. गव्हात सोंड्याचं अंडं आत सुरक्षित, त्यामुळे तेलाचा उपयोग बराच कमी.

एरंडेल: १ किलो कडधान्याला ५ मिली, म्हणजे क्विंटलला अर्धा लिटर. खाण्याचंच घ्या, यंत्राला वापरतात ते नको. घट्ट असतं, म्हणून बाटली तासभर उन्हात ठेवा. १० किलो दाणे ताटात किंवा घोंगडीवर घ्या, ५० मिली तेल तीन हप्त्यांत टाका आणि प्रत्येक हप्त्याला तीन-चार मिनिटं दोन्ही हातांनी चोळा. एकदम ओतलं तर शंभरातले वीस दाणे चपचपीत आणि ऐंशी कोरडे राहतात. भुंगा कोरडेच शोधतो. तीन महिन्यांनी हात पुन्हा द्यावा लागतो. शेंगदाणा तेल चालतं, पण दोन-अडीच महिन्यांत खवट वास धरतं. एरंडेल तितक्या लवकर खवट होत नाही. जुन्या बायका एरंडेलच का म्हणत, त्याचं एक कारण हे असावं.

राख: इथे बहुतेकांचं माप चुकतं. आफ्रिकेत कॅमेरूनमधले शेतकरी चवळी राखेत ठेवतात. अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या कीटकशास्त्रज्ञांनी ती पद्धत मोजून पाहिली तेव्हा भुंगा पूर्ण रोखायला ४ माप चवळीला ३ माप राख, वर ३ सेंटीमीटरचा निव्वळ राखेचा थर, असं प्रमाण निघालं. ४ मापटी दाण्याला ३ मापटी राख! 'मूठभर' राख भुंग्याच्या वाटेत येतच नाही. म्हणजे १२ क्विंटल हरभऱ्याला राख हा विषयच नाही, एवढी आणणार कुठून? पण ६० किलो बियाण्याला ६० लिटरच्या आसपास राख लागेल, तेवढी गावात सहज जमते.

राख गोवरीची किंवा तुराट्यांची. प्लॅस्टिक, रंगीत कागद जळलेली नको. मैद्याच्या चाळणीने चाळा आणि वापरायच्या दिवशी तव्यावर किंवा कढईत कोरडी गरम करून पूर्ण गार होऊ द्या. राख हवेतली ओल ओढते. दमट राख घातली की दाण्याला बुरशी धरते आणि दोष राखेवर जातो.

सूक्ष्मदर्शी:

गोळ्यांबद्दल कोणी बोललं नाही म्हणून.

दुकानदार सांगतो ती गोळी ॲल्युमिनियम फॉस्फाईडची. ३ ग्रॅमच्या एका गोळीतून हवेतल्या ओलीमुळे १ ग्रॅम फॉस्फिन वायू सुटतो. माणूस मरतो, उतारा नाही. याची विक्री सरकारी यंत्रणा आणि परवानाधारक कीडनियंत्रकांपुरती मर्यादित आहे, दुकानात सुट्टी देणं बेकायदा आहे. राहत्या घराला लागून असलेल्या खोलीत एक गोळीही नको.

आणि गंमत म्हणजे ती पोत्यात चालतही नाही. हा वायू हवाबंद आच्छादनाखाली सात दिवसांच्या आसपास टिकला तरच अंडी आणि आतल्या अळ्या मरतात. ज्यूटच्या पोत्यातून तो त्याच्या आतच निघून जातो. मोठे किडे मरतात, अंडी आणि कोष वाचतात, आणि अर्धवट मात्रेतून तगलेल्या किड्यांची पिढी पुढे आणखी चिवट होते. धान्यातल्या काही किडींमध्ये फॉस्फिनला न जुमानण्याची ताकद आपल्याकडे आलेली आहेच.

बोरिक पावडर: अन्नात घालायला भारतात परवानगी नाही. 'धुतल्यावर जाते' हे तांदळाला आणि डाळीला थोडंफार म्हणता येईल, पण गहू आपण न धुता चक्कीवर नेतो. लावलेली सगळी पावडर पोळीत जाते. विकायच्या मालाला लावलीत तर विक्रीचा परवाना जाऊ शकतो.

पारदाची टिकडीही नको. पाऱ्याचा वास येत नाही, म्हणून ती निरुपद्रवी वाटते इतकंच.

'जुनं म्हणजे बिनविषारी' असंही मात्र नाही. वेखंडाची पूड किड्यांवर चांगली चालते, पण तिच्यातलं बीटा-असारोन प्रयोगशाळेतल्या उंदरांत कर्करोगकारक ठरलेलं आहे. वेखंड फक्त बियाण्याला. बिब्ब्याचा रस कातडीवर फोड आणतो, आणि डब्यात चार बिब्बे ठेवून भुंगा थांबत नाही. काडेपेटी, लवंग, सुकी मिरची, हिंगाचा खडा यांचंही तेच. डबा चांगला बंद असतो म्हणून धान्य टिकतं आणि श्रेय लवंगेला जातं.

पांढरीची_माती:

वरच्या दोन्ही प्रतिसादांशी बहुतांशी सहमत. एक मुद्दा सुटला. जुने उपाय सुटे नव्हते, त्यांच्या भोवती घर होतं. पाला आपण उचलला, घर सोडलं.

ज्वारीच्या बियाण्याची कणसं चुलीवरच्या आढ्याला टांगलेली असत. रोज दोन वेळा धूर आणि कोरडी ऊब. त्याने ओल दाण्यात शिरायची नाही आणि किडाही थारा धरायचा नाही. आता गॅस आला. तीच कणसं स्वयंपाकघरात टांगली तर त्यांना धूर नाही, उलट कुकरची वाफ मिळते. मग लोक म्हणतात जुन्या पद्धतीत दम नव्हता!

कणगीचंच बघा, म्हणजे धान्य साठवायची मोठी विणलेली टोपली. तुराट्यांची किंवा निरगुडीच्या फोकांची विणायची, आतून-बाहेरून माती, शेण आणि राखेचा लेप. दरवर्षी रिकामी झाली की जुना लेप खरवडून काढायचा आणि भरण्याच्या निदान दहा दिवस आधी नवा द्यायचा. हे सारवण सजावट नाही. खपरा या धान्यातल्या किड्याची केसाळ अळी भेगेत उपाशी कित्येक महिने पडून राहते, नवं धान्य आलं की जागी होते. भेगा बुजवणं म्हणजे मागच्या वर्षीचा किडा गाडणं. तुमच्या स्लॅबच्या खोलीला हेच लागू आहे: भिंती-फरशीच्या कोपऱ्यातल्या भेगा सिमेंटने भरा, जुनी पोती उकळत्या पाण्यात बुडवून कडक उन्हात वाळवा किंवा सरळ टाकून द्या. नवा हरभरा जुन्या पोत्यात भरलात तर वरचा एकही उपाय कामाचा नाही. ओल्या पश्चिमेच्या भिंतीपासून थप्पी दीड हात लांब, आणि खाली लाकडी घोडी किंवा विटांवर फळ्या. फरशीवर प्लॅस्टिक अंथरून थेट पोती ठेवू नका, घाम धरतो.

ओल्या लेपाच्या कणगीत धान्य भरणं ही दुसरी नेहमीची चूक. वरून कोरडी दिसते, आत बोट दाबलं तर ठसा उमटतो. ठसा उमटला की थांबा.

पेवांबद्दलही, म्हणजे साठवणीच्या जमिनीतल्या खड्ड्यांबद्दलही, विचारलं जातं म्हणून: सोलापूर-मराठवाड्यातली ज्वारीची पेवं आणि सांगलीजवळच्या हरिपूरची हळदीची पेवं यांचं गमक एकच, जमिनीखाली हवा संपते आणि तपमान फारसं हलत नाही. तोंड बंद झालं की दाणे आणि किडे मिळून आतला प्राणवायू खाऊन टाकतात, मग किडे गुदमरतात. खालचा थर पाण्याच्या पातळीपासून वर असला पाहिजे ही अट आहे. २००५ च्या महापुरात हरिपूरच्या पेवांत पाणी शिरलं आणि बरीचशी निकामी झाली. नवीन पेव खणायचा विचार असेल तर नको. पेव उघडताना माणसं दगावतात ती याच गुदमरणाऱ्या हवेमुळे. कंदील सोडून बघायची चाल बरी, पण कंदील पेटता राहिला म्हणजे आत सगळं ठीक असं नव्हे. तोंड दिवसभर उघडं, कमरेला दोर, वर दोन माणसं, याशिवाय कोणी उतरू नये.

शिवारकाठ:

सगळ्यांचे आभार. तीन शंका:

१. तुरीच्या काही दाण्यांवर पांढरे ठिपके आत्ताच दिसताहेत. म्हणजे उशीर झाला का?
२. पत्र्याच्या कोठीत धान्य भरून वर मेणबत्ती लावायची आणि झाकण घट्ट लावायचं, म्हणजे हवा संपते, असं एक सांगतात. हे पेवासारखंच ना?
३. वाळलं की नाही हे यंत्राशिवाय कसं ओळखायचं?

कोठीघर:

दुसरा प्रश्न आधी, लहान आहे. नाही. मेणबत्ती हवेत १६ टक्क्यांच्या आसपास प्राणवायू उरला की विझते. भुंगा त्यात मजेत जगतो. त्याला मारायला प्राणवायू ५ टक्क्यांच्याही खाली यावा लागतो आणि तिथे बराच काळ राहावा लागतो. मेणबत्तीने होतं ते इतकंच की कोठीत थोडी वाफ आणि काजळी जाते.

तिसरा. खडा मीठ तव्यावर भाजून कोरडं करा. काचेची कोरडी बरणी घ्या, पाव भाग मीठ, पाव भाग धान्य, झाकण लावून मिनिटभर हलवा, पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर ओल १५ टक्क्यांच्या वर. चिकटलं नाही तर खाली. पण ही चाचणी ढोबळ आहे, पंधराच्या खाली किती हे ती सांगत नाही. कडधान्याला ९ ते १०, गहू-ज्वारीला १२ च्या खाली हवी. दाताखाली हरभरा 'कट्' असा आवाज करून दोन तुकडे व्हायला हवा. चावताना दबला किंवा चेपला तर परत उन्हात. बाजार समितीत ओलावा मोजायचं यंत्र असतं, पाव किलो नमुना घट्ट बंद डब्यात नेऊन मोजून घेतलात तर उत्तमच. पिशवीत नेऊ नका, वाटेत आकडा बदलतो.

वाळवताना थर ३ ते ५ सेंमी, दर तासाला पालथा. डांबरी रस्त्यावर अजिबात नको. दुपारी चारनंतर गोळा करा, सावलीत पसरून गार करा आणि दव पडायच्या आत भरा. गरम दाणे पिशवीत बंद केले की रात्री आतून घाम सुटतो आणि वरचा थर ओला होतो. पिशवी उघडल्यावर वरचेच चार बोटं दाणे बुरशीने पांढरे दिसले तर नव्वद टक्के वेळा कारण हेच.

पहिला. उशीर झालेला नाही, पण आता तेल किंवा राख पुरणार नाही. अळी दाण्यात उतरली की वरून काय लावता याने तिला फरक पडत नाही. दाण्याच्या आत पोचते ती उष्णता.

एप्रिलचं ऊन फुकट आहे, ते वापरा. जमिनीवर तीन-चार बोटं भुस्सा किंवा रिकामी पोती पसरा, नाहीतर जमीन उष्णता ओढून घेते. त्यावर ३ बाय ३ मीटरची काळी ताडपत्री. तिच्यावर ५० किलो तूर, थर साधारण १ सेंमीचा, म्हणजे दाण्यावर दोन-तीन दाणे. वरून पारदर्शक प्लॅस्टिक, कडा खालच्या ताडपत्रीबरोबर दुमडून दगड ठेवा. दाण्यांत ५७ अंश सेल्सियस तपमान एक तास टिकलं की अंडी, अळी, कोष सगळे मरतात. तापमापी असेल तर कडेच्या दाण्यांत खुपसा, मधल्यात नाही. कडा उशिरा तापतात आणि तिथेच अळ्या वाचतात. तापमापी नसेल तर स्वच्छ उन्हात ११ ते २ असे पूर्ण तीन तास. ढग आले तर त्या दिवशीची मेहनत वाया, दुसऱ्या दिवशी परत.

चुका दोन: दाणे आधी न वाळवता झाकले तर प्लॅस्टिकच्या आतून थेंब जमतात आणि दाणे उकडल्यासारखे होतात. आणि थर चार-पाच सेंमीचा दिला तर खालचे दाणे ५७ पर्यंत पोचतच नाहीत. दोन ताडपत्र्या, दिवसातून एक खेप, म्हणजे ४ क्विंटल तुरीला चार दिवस. हरभऱ्याचंही तसंच करा. १२ क्विंटलला वेळ लागेल, पण गटात हात आहेत.

आणि तुरीची डाळ लवकर करा. भुंग्याला अंडं घालायला साल लागते, डाळीवर तो सहसा बसत नाही. उन्हाळ्यातच डाळी करून ठेवायची आपली चाल नुसती सोयीची नव्हती. डाळीला दुसरे किडे आणि जाळी करणारं पाखरू लागतं, पण ते आवरणं सोपं.

बीजमुठी:

बियाण्याबाबत जरा वेगळं. वरची ५७ अंशांची उष्णता चांगल्या वाळलेल्या दाण्याची उगवण सहसा मारत नाही, पण ओलसर बियाण्याची मारते. म्हणून बियाणं ताडपत्रीखाली घालू नका. सकाळचं ११ पर्यंतचं आणि दुपारी ३ नंतरचं ऊन, तीन-चार दिवस, तट्ट्यावर. काळ्या प्लॅस्टिकवर नको. भुंग्याची शंका असेल आणि बियाणं पाच-दहा किलोच असेल तर पूर्ण वाळवून, घट्ट पिशवीत भरून डीप फ्रीझरमध्ये उणे १८ ला आठवडाभर. काढल्यावर पिशवी लगेच उघडू नका. बाहेरच्या तपमानाला आल्यावरच उघडा, नाहीतर दाण्यावर दव जमतं.

यानंतर राख. वर दिलेलं प्रमाण, ४ ला ३. मडकं आतून कोरडं, बाहेरून लेप. तळाशी दोन बोटं राख, मग राख-बियाणं मिसळून, शेवटी वरचा निव्वळ राखेचा थर. तोंडाला कापड, त्यावर शेणमातीचा लेप. मडकं जमिनीवर नको, उतरंडीत किंवा फळीवर. महिन्या-महिन्याला उघडून बघायची हौस आवरा. प्रत्येक वेळी उघडल्यावर पावसाळी हवा आत जाते.

बियाण्याचं एक सूत्र उपयोगी पडेल: ओल १ टक्क्याने कमी केली की बियाण्याचं आयुष्य ढोबळमानाने दुप्पट होतं, आणि साठवणीचं तपमान ५ अंशांनी उतरवलं तरी दुप्पट. हे ५ ते १४ टक्के ओलीच्या दरम्यान लागू. म्हणजे महागड्या औषधापेक्षा आणखी दोन दिवसांचं ऊन जास्त कामाचं.

कडुनिंबाबद्दल माझं मत थोडं कडक आहे. पाल्याचा परिणाम कमी आणि बेभरवशाचा. हिरवा किंवा अर्धवट सुकलेला पाला घातला तर तो ओलच आत नेतो. उपयोग होतो तो निंबोळीच्या बीतल्या मगजाचा. जून-जुलैत पडलेल्या पिवळ्या निंबोळ्या वेचा, साल-गर धुवून काढा, बिया सावलीत वाळवा. उन्हात नाही, कारण बीतलं किडीवर चालणारं द्रव्य, ॲझाडिरॅक्टिन, उन्हाने नासतं. आतला मगज कुटून १ किलो बियाण्याला १० ते २० ग्रॅम. चव कडू लागते, म्हणून फक्त पेरायच्या दाण्याला. अडचण अशी की या वर्षीच्या हरभऱ्याला या वर्षीची निंबोळी उशिरा मिळते. मागच्या वर्षीची जपून ठेवलेली असेल तरच.

पांढरीची_माती:

पाल्याचं इतकं वाईट नाही हो. सावलीत कुरकुरीत वाळवलेला, दर वीतभर धान्यावर बोटभर थर, आणि कणगी चांगली लिंपलेली असेल तर पाखरू कमी येतं. भुंग्याला नाही थांबवत, हे मान्य. ज्वारी-गव्हाला ठेवायला हरकत नाही, पण भरवसा त्याच्यावर नको.

बीजमुठी:

चालेल, पाखराला मान्य. :)

पेरणीआधी उगवण तपासाच. १०० दाणे मोजून ओल्या गोणपाटाच्या तुकड्यावर ओळीने मांडा, गुंडाळी करा, सावलीत ठेवून रोज पाणी शिंपडा. सात-आठ दिवसांनी नीट मूळ आणि कोंब दोन्ही असलेले मोजा, नुसतं फुगलेलं धरू नका. प्रमाणित बियाण्याला तूर आणि ज्वारी किमान ७५, हरभरा ८५ टक्के लागते. ६५ आली तर टाकू नका, पेरताना प्रमाण वाढवा. ५० च्या खाली आली तर ते बियाणं चुलीला.

सूक्ष्मदर्शी:

विकायच्या १२ क्विंटल हरभऱ्याचं अजून ठरलेलं नाही. तेल लावलेल्या दाण्यावर धूळ बसते, ग्राहक 'जुना माल' म्हणतो, आणि डाळ करताना गिरणीवाला कुरकुरतो. विक्रीच्या मालाला तेल नको, हवाबंद पिशवी हवी. बाजारात दोन-तीन थरांच्या हवाबंद पिशव्या मिळतात. वरची कॅमेरूनची चवळी जिथली, तिथेच पर्ड्यूच्या लोकांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी यातली तिहेरी पिशवी विकसित केली: आत जाड प्लॅस्टिकच्या दोन पिशव्या, बाहेर विणलेली. काम पेवासारखंच, फक्त खड्ड्याशिवाय.

भरण्याआधी दोन्ही आतल्या पिशव्या हवेने फुगवून दाबा आणि कानाशी धरून भोक आहे का बघा. धान्य चाळून, पाखडून घ्या. तुराटीचा एक टोकदार तुकडा पिशवी फाडायला पुरे. कोपऱ्यांपर्यंत दाबून भरा, वर हवेचा फुगा ठेवू नका. मान पिळा, बांधा, दुमडा, पुन्हा बांधा. दुसऱ्या पिशवीला तसंच. बाहेरच्या पिशवीवर भरल्याची तारीख. पहिले दोन महिने उघडायची नाही. रोजच्या विक्रीला लागणारा माल वेगळ्या लहान पिशव्यांत भरा, नाहीतर एकच मोठी पिशवी दर आठवड्याला उघडली जाते आणि आत हवा जात राहते. उंदीर मात्र यावर सरळ दात लावतो. खोलीच्या दाराखालची फट पत्र्याने बंद करा आणि थप्पी भिंतीपासून लांब ठेवा, म्हणजे कुरतडलेलं दिसेल तरी.

ओलसर धान्य यात घातलंत तर किडा मरेल आणि बुरशी वाढेल. बुरशीतून येणारं अफलाटॉक्सिन हे विष शिजवून जात नाही. म्हणून आधी कोठीघर यांची मिठाची बरणी, मग पिशवी.

शिवारकाठ:

म्हणजे तूर तापवून मे संपायच्या आत डाळ. हरभरा तापवून, गार करून हवाबंद पिशव्यांत. गटाच्या घरोघरच्या खाण्याच्या कडधान्याला एरंडेल. बियाण्याला राख आणि मडकं. गव्हाचं काय? तो पण पिशवीत घालायचा का?

वाचनखूण साठवली आहे.

कोठीघर:

गहू वाळवून १२ च्या खाली आणा. तीन क्विंटल पिशव्यांत, दिवाळीपर्यंत न उघडता. दोन क्विंटल पत्र्याच्या कोठीत, पहिले तीन-चार महिने खायला. कोठीच्या खालच्या तोंडातून काढायचा आणि झाकण पावसाळ्यात उघडायचं नाही. कोठी ओल्या भिंतीच्या उलट बाजूला ठेवा, पत्रा गार झाला की आतून थेंब धरतो. गहू काढताना हाताला पीठ लागलं तर सोंडे आलेत. तेवढाच भाग चाळून उन्हात टाका आणि राहिलेला आधी संपवा.

एरंडेलाचा हिशेब करून ठेवा. घरोघरचं मिळून १ क्विंटल कडधान्य धरलं तर आत्ता अर्धा लिटर आणि जुलैत पुन्हा अर्धा लिटर. जुलैतला हात एखाद्या कोरड्या दिवशी द्या, पाऊस लागलेला असताना पोती उघडून बसू नका.